परदेशी विद्या, घरचा खर्च आणि आपला सातबारा

(एक निवृत्त महसुली कारकून, नालवाडी)

सन २०२३ च्या दिवाळीनंतर, कापसाची पहिली वेच घरी येऊन पडली असता, आमच्या नालवाडीतील एक शेतकरी गृहस्थ सकाळीच माझ्या ओसरीवर येऊन बसले. हाती एक पिशवी. तीत सातबारा, आठ-अ, फेरफाराच्या नकला आणि शंभर रुपयांचे पाच मुद्रांक. मुलगा बी. एस्सी. कृषि होऊन घरी बसलेला. नागपूरच्या एका मध्यस्थाने त्यास जर्मनीत प्रवेश मिळवून देण्याचे कबूल केले होते. "बाबूजी, एवढं गहाणखत लिहून द्या जी. पोराचं जमून राह्यलं," असे म्हणून त्यांनी पिशवी माझ्यापुढे सरकविली.

कागद लिहिण्यापूर्वी तो वाचावा, ही तीस वर्षांच्या चाकरीची सवय. रक्कम देणाऱ्याने जो मसुदा पाठविला होता तो गहाणखताचा नव्हताच. चार एकरांचे सरळ खरेदीखत होते. पैसे फेडल्यावर जमीन परत लिहून देऊ, हे बोलणे तोंडी. आमच्या शेतकरी बंधूंस हे पुरते ठाऊक असावे की, मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यातील ५८ व्या कलमाप्रमाणे, जमीन परत देण्याची शर्त त्याच खरेदीखतात लिहिलेली नसेल तर तो व्यवहार गहाण म्हणून धरला जात नाही. वेगळ्या कागदावरची चिठ्ठी किंवा देवळात घेतलेली शपथ तेथे उपयोगी पडत नाही. पुढे सावकारी नियमनाच्या २०१४ च्या अधिनियमाखाली जिल्हा निबंधकाकडे दाद मागता येते, आणि सावकारीच्या ओघात बळकावलेली जमीन परत मिळाल्याची उदाहरणे आहेत. परंतु ती वाट कोर्टकचेरीची आणि वर्षानुवर्षांची.

रक्कम होती १५ लाख, व्याज दरमहा शेकडा दोन. म्हणजे वर्षाचे केवळ व्याज ३ लाख ६० हजार. चालू भावाने हिशेब मांडतो: २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. ह्या भावानेही नुसते व्याज फेडावयास ४४ क्विंटल कापूस लागेल. त्या गृहस्थांचे कोरडवाहू सहा एकर. एकरी पाच-सहा क्विंटलांच्या हिशेबाने सारे शेत कापसाखाली घातले तरी व्याज पुरे होत नाही, मग बियाणे, फवारणी व मजुरीची गोष्ट दूरच. मी मुद्रांक त्यांच्या पिशवीत परत घातले आणि पंधरा दिवसांची मुदत मागितली. ते रागावून गेले. मुलाच्या आड येणारा म्हातारा अशी माझी गणना त्या घरी काही दिवस झाली, हेही नमूद करतो.

त्या पंधरा दिवसांचे पुढे पंधरा महिने झाले. त्या अवधीत जे कळले ते सभासदांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

परदेशी विद्येची वाट आमच्या ह्या मुलखास नवी नाही. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे वर्ध्याचेच. विसाव्या शतकाच्या आरंभी ते अमेरिकेस गेले, अंगमेहनतीची कामे करीत शिकले, ऑरेगन व वॉशिंग्टन संस्थानांतील कृषि महाविद्यालयांतून शेतकीशास्त्र शिकले, गदर चळवळीत पडले आणि पुढे मेक्सिकोत चापिंगो येथील राष्ट्रीय कृषि विद्यालयात प्राध्यापक होऊन मक्याच्या व गव्हाच्या सुधारणेचे काम करते झाले. दिएगो रिव्हेरा ह्या जगद्विख्यात चित्रकाराने आपल्या भित्तिचित्रात त्यांस स्थान दिले आहे. शेवटी नागपुरास १९६७ साली त्यांचे देहावसान झाले. ज्या प्रकारच्या महाविद्यालयांत ते शिकले ती अमेरिकेत १८६२ च्या मॉरिल कायद्याने निघालेली. सरकारी जमिनी विकून, शेतकरी व कारागीर यांच्या मुलांस शिकता यावे म्हणून काढलेली. ही गोष्ट पुढे कामी येईल, म्हणून येथे सांगून ठेवतो.

अमरावती जिल्ह्यातील पापळचे पंजाबराव देशमुख १९२० साली विलायतेस गेले आणि १९२६ साली बॅरिस्टर व ऑक्सफर्डचे डॉक्टर होऊन परतले. घर शेतकऱ्याचेच. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाड महाराजांच्या वृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदे सरकारची चाकरी करण्याचा करार. वृत्तीची मुदत सरली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांस १९१७ साली परतावे लागले. पुन्हा १९२० साली ते गेले ते सिडनहॅम कॉलेजातील पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांचे साहाय्य व नवल भथेना ह्या पारशी मित्राचे कर्ज घेऊन. हा सारा इतिहास आमच्या मुलांस पाठ असतो. परंतु त्यातील जमाखर्चाची बाजू कोणी सांगत नाही. एवढ्या बुद्धीच्या माणसासही वृत्ती, शिल्लक, दात्याचे साहाय्य व मित्राचे कर्ज असे चार झरे एकत्र करावे लागले. एका झऱ्यावर, आणि तोही सावकाराच्या, भिस्त ठेवून आमच्या मुलांनी का निघावे?

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

प्रथम मध्यस्थांविषयी. त्या मुलास ज्या संस्थेत प्रवेश मिळणार होता ती जर्मनीत होती खरी, परंतु खाजगी होती. फी वर्षाची सुमारे ११ लाख, विषय व्यापार-व्यवस्थापन. कृषि पदवीधराचा त्याशी संबंध काय, हे विचारता मध्यस्थाने "स्कोप आहे" एवढेच उत्तर दिले. पुढे समजले की, मध्यस्थ विद्यार्थ्याकडून थोडे घेतात किंवा काहीच घेत नाहीत, आणि त्यांची दलाली संस्थेकडून येते. जी संस्था दलाली देत नाही तिचे नाव त्यांच्या यादीत येत नाही. जर्मनीतील सरकारी विद्यापीठे फी घेत नाहीत, मग दलाली कोठून देणार? आमच्याकडे अडत्या ज्या बियाण्यावर सुट जास्त तेच बियाणे पुढे करतो, तोच हा प्रकार. सगळेच मध्यस्थ लबाड असे माझे म्हणणे नाही. पण "सल्ला फुकट" असे जो म्हणतो त्याचे पोट कोणाच्या पैशावर भरते, हे आधी विचारावे.

जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांसही शिक्षणाची फी नाही. सहामाहीस काही शे युरो वर्गणी भरावी लागते, तीत बहुधा बस व आगगाडीचा पासही येतो. ह्यास अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेंबर्ग प्रांताने २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांवर सहामाहीस १,५०० युरो फी बसविली, आणि शेतकीसाठी नावाजलेले होहेनहाइम विद्यापीठ नेमके त्याच प्रांतात आहे. म्युनिकच्या तंत्रविद्यापीठानेही अलीकडे अशी फी सुरू केली. परंतु ग्योटिंगेन, बॉन, कासेल ही शेतकीची चांगली ठिकाणे फीवाचून आहेत. कासेल विद्यापीठाचा शेतकी विभाग विट्झेनहाउझेन नावाच्या लहानशा गावी आहे. १८९८ साली वसाहतींत जाणाऱ्या जर्मनांस शेती शिकविण्यासाठी तेथे शाळा निघाली. आज तेथे सेंद्रिय शेतीचे शास्त्र शिकवितात, आणि ज्यांच्या वसाहती होत्या त्या देशांतील मुले तेथे येऊन बसतात. काळाचा हा फेरा पाहून मौज वाटते. ग्योटिंगेन व कासेल मिळून शाश्वत आंतरराष्ट्रीय शेतीचा एम. एस्सी. अभ्यासक्रम इंग्रजीतून चालवितात.

परंतु येथेच आमचे लोक फसतात. फी नाही याचा अर्थ खर्च नाही असा नव्हे. जर्मन सरकार व्हिसा देण्यापूर्वी विद्यार्थ्याच्या नावे एका बंद खात्यात एका वर्षाचा निर्वाहखर्च ठेवावयास लावते. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. युरोचा भाव १०० रुपये धरला तरी ही रक्कम १२ लाखांच्या घरात जाते, आणि अलीकडे भाव त्याहूनही वर गेलेला आहे. हे पैसे कोणी खात नाही. तिकडे पोहोचल्यावर दरमहा ९९२ युरोंप्रमाणे ते विद्यार्थ्यासच परत मिळतात आणि त्यातूनच खोलीभाडे, जेवण व विम्याचा हप्ता भागतो. तरी ते आधी एकरकमी उभे करावे लागतात. शिवाय भारतीय विद्यार्थ्यांस आपली प्रमाणपत्रे दिल्लीच्या एपीएस कचेरीकडून तपासून घ्यावी लागतात, त्याची फी १८,००० रुपये. पुष्कळ विद्यापीठांचे अर्ज युनि-असिस्ट नावाच्या सामाईक कचेरीमार्फत जातात. पहिल्या अर्जास ७५ युरो, त्यापुढील प्रत्येकास ३०. तिकडे विद्यार्थ्यास वर्षातून १४० पूर्ण दिवस अथवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे. ह्या कमाईवर दुसऱ्या वर्षाची भिस्त ठेवता येईल, पहिल्या वर्षाची ठेवू नये.

एकेकाळी फुकट असलेले देश फुकट राहतीलच असेही नाही. डेन्मार्कने २००६ साली, स्वीडनने २०११ साली, फिनलंडने २०१७ साली आणि नॉर्वेने २०२३ साली बाहेरच्या विद्यार्थ्यांस फी लावली. त्यामुळे पाच वर्षांपूर्वी गेलेल्या कोणाच्या भाच्याने काय सांगितले यावर विसंबू नये. चालू सालचे पत्रक खुद्द विद्यापीठाचे पाहावे.

इटलीची पद्धत मला, महसुली माणूस म्हणून, सर्वांत न्यायाची वाटली. तेथील सरकारी विद्यापीठांत फी कुटुंबाच्या ऐपतीप्रमाणे ठरते. ज्याचे उत्पन्न थोडे त्यास फी थोडी किंवा मुळीच नाही. आणि प्रत्येक प्रांताची विद्यार्थिसाहाय्याची कचेरी गरजूंस रोख वृत्ती, भोजन व वसतिगृह देते. ही वृत्ती परदेशी मुलांसही खुली आहे. बोलोन्या व पादोवा ही पुरातन विद्यापीठे शेतकीही शिकवितात. मात्र ह्यासाठी कुटुंबाची माणसे, उत्पन्न व मालमत्ता यांचे कागद भाषांतरासह, परराष्ट्रखात्याच्या अपोस्टिल शिक्क्यासह द्यावे लागतात. आमची मुले ह्या कागदांस भितात आणि जर्मनीकडे किंवा सावकाराकडे वळतात. वास्तविक शेतकऱ्याच्या घरी कागदांची वाण नाही. ते जुळत नाहीत एवढेच.

ह्या जुळण्याविषयी दोन शब्द अधिक लिहितो, कारण हेच माझे क्षेत्र.

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून बहुतेक शेतकऱ्यांपाशी आयकराचे विवरणपत्र नसते. आणि बाहेरच्या कचेऱ्या पहिल्याने तेच मागतात. त्याचे जागी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तो तलाठ्याच्या अहवालावर मिळतो. पुष्कळ ठिकाणी तीन वर्षांचा मागतात, म्हणून ऐनवेळी धावाधाव न करता दरसाल घेऊन ठेवावा. दुसरी गोष्ट नावांची. सातबाऱ्यावर बापाचे नाव एक, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरे, आधारावर तिसरे, पारपत्रावर आडनाव पुढे की मागे याचा पत्ता नाही. आपल्या गावात हे चालते, कारण तलाठी माणूस ओळखतो. रोमच्या कचेरीस हा एक माणूस की तीन, हे कसे कळावे? नावाची दुरुस्ती राजपत्रात छापून घेण्यास वेळ लागतो. मुलगा बारावीत असतानाच ते काम उरकावे. तिसरी गोष्ट सामाईक खात्याची. आजोबांच्या नावे असलेले खाते, त्यावर चार काका, दोन आत्या. मग आपल्या वाट्याचे उत्पन्न किती, हे सांगावयाचे कसे? सर्वांची संमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या ८५ व्या कलमाखाली तहसीलदाराकडे वाटणी करून घ्यावी. परंतु ती खरी वाटणी असावी. केवळ उत्पन्न थोडे दिसावे म्हणून केलेल्या कागदी वाटणीने पुढे भाऊबंदकी उभी राहिलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे.

आणि सर्वांत वाईट प्रकार हा की, वृत्तीसाठी घरचे उत्पन्न दीड लाख दाखवावयाचे आणि त्याच महिन्यात बँकेसाठी व व्हिसासाठी बारा लाखांचा दाखला आणावयाचा. एका टेबलावर दारिद्र्य, दुसऱ्या टेबलावर संपत्ती. मी नोकरीत असताना असे दोन दाखले एकाच घरचे एकाच फायलीत आलेले पाहिले. त्या मुलाचा अर्ज तेथेच बुडाला. उत्पन्न वेगळे व मालमत्ता वेगळी. उत्पन्नाचा दाखला पिकाचा. ऐपतीचा दाखला जमीनजुमल्याचा. दहा एकरांचा धनीही दुष्काळाच्या साली उत्पन्नाने गरीब असू शकतो, हे दोन्ही दाखले खरे ठेवून सांगता येते. खोटे बोलण्याची आवश्यकताच नाही.

आता कर्जाविषयी. येथे एक गोष्ट आमच्या सभासदांस फार खटकेल. बँका शैक्षणिक कर्जास शेतजमीन तारण म्हणून सहसा घेत नाहीत. कारण असे की, थकलेले तारण कोर्टाशिवाय जप्त करण्याचा जो २००२ चा सरफेसी कायदा बँकांस मिळाला आहे, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. जे कलम शेतकऱ्याच्या रक्षणासाठी घातले त्यानेच बँकेचे दार त्यास बंद होते आणि सावकाराचे उघडते! राष्ट्रीयीकृत बँकांच्या नमुना योजनेप्रमाणे ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, ४ ते साडेसात लाखांपर्यंत तिऱ्हाईताची जामिनकी लागते, त्यापुढे तारण. मग तारण द्यावे काय? गावठाणातील घर. २०२० पासून स्वामित्व योजनेखाली गावठाणांची मोजणी होऊन मिळकतपत्रिका दिल्या जात आहेत. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा कराचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे, म्हणून बँक त्यावर समाधान मानीत नाही. मिळकतपत्रिका असेल तर बोलणे पुढे सरकते. ज्यांच्या गावची पत्रिका निघाली असेल त्यांनी ती आणून नावे तपासून घ्यावीत. मुंबईतील जे. एन. टाटा एंडावमेंट ही १८९२ सालापासूनची संस्था उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांस कर्जरूपाने वृत्ती देते. त्यासाठी मुलगा हुषार हवा व मुलाखतीस टिकला पाहिजे.

सरकारी वृत्त्यांपैकी अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची राज्यसरकारची योजना सर्वांत जुनी. इतर मागास वर्ग व भटक्या-विमुक्तांसाठी वेगळी, आणि मराठा व कुणबी समाजासाठी सारथी संस्थेमार्फत सयाजीराव गायकवाड महाराजांच्या नावे वेगळी. आमच्या जिल्ह्यातील कुणबी इतर मागास वर्गातही मोडतात. एकाच माणसास दोन्ही वृत्त्या एकदम मिळत नाहीत, तेव्हा कोणत्या ठिकाणी जागा अधिक व स्पर्धा थोडी, हे पाहून अर्ज करावा. केंद्रसरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती अनुसूचित जातींबरोबर भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसही आहे, ही गोष्ट आपल्या शेतावर राबणाऱ्या माणसांच्या कानी घालणे हे आपले काम आहे. त्यांस हे मासिक येत नाही. ह्या वृत्त्यांत फी, निर्वाह व विमानभाडे मिळते, परंतु विद्यापीठ जागतिक क्रमवारीत ठराविक क्रमांकाच्या आत असावे अशी अट असते. त्यामुळे एक विचित्र गोष्ट घडते. विट्झेनहाउझेनसारखे स्वस्त व शेतकीत चांगले ठिकाण ह्या यादीत बसत नाही; हॉलंडमधील वागेनिंगेन बसते, पण तेथील फी वर्षास वीस हजार युरोंच्या आसपास. सरकार महागड्या ठिकाणी जाणाऱ्यास सर्व देते आणि स्वस्त ठिकाणी जाणाऱ्यास काहीच नाही. सर्वसाधारण क्रमवारीवरून शेतकीचे मोल ठरविणे मला तरी पटत नाही. पण नियम तो नियम. ह्यास्तव वृत्ती मिळण्याची आशा असेल तर एक अर्ज वागेनिंगेनसारख्या ठिकाणी आणि एक विनाफीच्या ठिकाणी, असे दोन्ही करावेत.

अमेरिकेबद्दल आमच्याकडे समज असा की, ती धनवंतांची. पदवीच्या शिक्षणापुरते ते बरेच खरे आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडोइन अशा मोजक्या संस्था परदेशी मुलाची निवड करताना तो फी देऊ शकेल की नाही हे पाहत नाहीत, आणि निवड झाल्यास जितके कमी पडेल तितके सर्व देतात. पण तेथे शंभरात चार-पाचांचाही प्रवेश होणे कठीण. कृषि पदवीधरांची गोष्ट निराळी. वर ज्यांचा उल्लेख केला त्या मॉरिल कायद्याच्या महाविद्यालयांची आज मोठी विद्यापीठे झाली आहेत. तेथे प्रबंधासह एम. एस्सी. किंवा पीएच. डी. करणाऱ्यास प्राध्यापकाच्या संशोधनात आठवड्यास वीस तास काम दिले जाते. बदल्यात फी माफ होते व निर्वाहापुरता मासिक पगार मिळतो. ह्यास असिस्टंटशिप म्हणतात. हे काम मध्यस्थ मिळवून देत नाही. विद्यार्थ्याने स्वतः प्राध्यापकांचे लेख वाचून, आपण बोंडअळीवर किंवा तुरीच्या मर रोगावर काय काम केले हे थोडक्यात लिहून, एकेकास वेगळे पत्र घालावे. पन्नास पत्रांस दोन उत्तरे आली तरी पुष्कळ. सर्वांस एकच मजकूर पाठविणाऱ्यास उत्तर येत नाही.

दोन वाटा आणखी सांगून हा भाग संपवितो. युरोपीय संघाच्या इरास्मस मुंडुस नावाच्या वृत्त्यांत दोन-तीन देशांतील विद्यापीठे मिळून एक अभ्यासक्रम चालवितात. निवड झाल्यास फी नाही व दरमहा १,४०० युरो मिळतात. वनस्पतिरक्षण व शेती हे विषयही त्यांत आहेत. जपान सरकारची मेक्स्ट वृत्ती दिल्लीच्या वकिलातीमार्फत मिळते. फी माफ, मासिक खर्च व जाण्यायेण्याचे भाडे, अर्जास पैसा लागत नाही.

मुदती आमच्या शेतीच्या दिवसांशी नेमक्या उलट पडतात, हे ध्यानी असू द्यावे. इरास्मस व अमेरिकेचे अर्ज कापूस वेचणीच्या ऐन भरात, डिसेंबर-जानेवारीत जातात. जपानचे बहुधा उन्हाळवाहीच्या दिवसांत. जर्मनीचे काही मार्चपासून, काही १५ जुलैपर्यंत, म्हणजे पेरणी व डवरणीच्या गडबडीत. मुलगा शेतावर आणि मुदत कचेरीत संपलेली, असे होऊ नये म्हणून भिंतीवरच्या पंचांगात नक्षत्रांशेजारीच ह्या तारखा लिहून ठेवाव्यात.

त्या शेजारच्या मुलाचे काय झाले, असे कोणी विचारील. पहिल्या वर्षी त्याचा बेत फसला. एपीएसचा अर्ज उशिरा गेला, आणि बापाचे नाव गुणपत्रिकेवर व पारपत्रावर जुळेना. तो दोष माझा. कागद मीच तपासले होते आणि माझ्या नजरेतून ते सुटले. घरी पुन्हा बोलणी बसली. इटलीचा अर्जही केला होता, पण वृत्तीचे कागद शिक्क्यासाठी मुंबईस गेले ते मुदतीनंतर परत आले. मुलगा एका शेतकरी उत्पादक कंपनीत नोकरीस लागला, फावल्या वेळात जर्मन शिकू लागला. दुसऱ्या वर्षी ग्योटिंगेन-कासेलचा प्रवेश मिळाला. बंद खात्याचे पैसे असे उभे राहिले: बँकेचे जामिनकीवरचे कर्ज साडेसात लाख, मुलाची स्वतःची शिल्लक पावणेदोन लाख, दोन हंगामांच्या तुरीचे दोन लाख, उरलेले मामाने बिनव्याजी दिले. विमानभाड्यास आईच्या पाटल्या मोडाव्या लागल्या. ती गोष्ट टळली असती तर बरे होते. चार एकर शेत जागेवर आहे. सातबाऱ्यावरील इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीच्या पीककर्जावाचून दुसरा बोजा नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात तो गेला. खोलीचे भाडे ३१० युरो, विमा दीडशेच्या आत, जेवण हाताने करतो म्हणून दोनशेत भागते, असा पहिल्या महिन्याचा हिशेब त्याने बापास लिहून पाठविला, आणि त्याची एक नक्कल मजकडे. थंडीचे कपडे येथून नेऊ नयेत, तेथे जुन्या बाजारात स्वस्त मिळतात, असेही त्यात आहे. विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर आठवड्यातून दोन दिवस काम मिळाले आहे. परत येणार की नाही, हे बापाने एकदा मला विचारले. मी काय सांगणार? खानखोजे पुष्कळ वर्षांनी परत आले होते, एवढे म्हणालो.

ज्या सभासदांस आपल्या मुलामुलींचे कागद दाखवून घ्यावयाचे असतील त्यांनी रविवारी सकाळी आठ ते दहा ह्या वेळात नालवाडीस यावे. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचे दाखले, गुणपत्रिका व पारपत्र असे सर्व मूळ कागद आणावेत. सोबत मुलासही आणावे. मृगाच्या पेरणीचे पंधरा दिवस मी शेतावर असतो, तेव्हा त्या दिवसांत येऊ नये.